जुन्या पिकअपचे डिफरन्शियल: निदान आणि दुरुस्ती

पिकअपच्या मागच्या एक्सलच्या मध्यभागी जो गोल, फुगीर भाग दिसतो, त्यातील डिफरन्शियल एकाच वेळी तीन कामे करते: प्रोपेलर शाफ्टची गती काटकोनात वळवून चाकांकडे नेणे, ती कमी करून त्या बदल्यात ओढ वाढवणे, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक फिरू देणे. पहिली दोन कामे पिनियन आणि क्राऊन या गिअरच्या जोडीची असतात. पिनियनला 10 आणि क्राऊनला 41 दाते असतील, तर शाफ्टचे 4.1 फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. तिसरे काम क्राऊनला जोडलेल्या पेटीतील लहान गिअर करतात, जे सरळ रस्त्यावर एकमेकांवर जवळजवळ फिरतच नाहीत.

टाटा 207 किंवा महिंद्रा बोलेरो पिकअपसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी भरपूर माल वाहून जुनी झाली, की मागून घूं-घूं आवाज येऊ लागतो आणि पुष्कळदा लगेच हाऊसिंग उघडले जाते. ही घाई महाग पडते, कारण क्राऊन-पिनियनची बसवणी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजली जाते आणि एकदा हलवलेली बसवणी अंदाजाने परत येत नाही. रस्ता बदलताच आवाज बदलत असेल, तर तो बहुधा टायरचा असतो. गाडी डावी-उजवीकडे झुकवल्यावर वाढत-घटत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर जातो. केवळ वळणावर येणारा आवाज पेटीतील लहान गिअर किंवा त्यांच्या वॉशरकडे बोट दाखवतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर उमटणारी आणि पाय काढताच थांबणारी शीळ मात्र क्राऊन-पिनियनची असण्याचा संभव मोठा, कारण ओढ लागताना दात्याची एक बाजू भार घेते आणि गाडी नुसती धावताना दुसरी. पिनियनचे बेअरिंग शाफ्टच्या वेगाने फिरत असल्यामुळे त्याची घरघर चाकाच्या बेअरिंगपेक्षा बरीच जलद असते. रिव्हर्स टाकताना येणारा ‘ठक्’ आवाज डिफरन्शियलच्या माथी मारण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हाताने हलवून पाहावेत. ते पुष्कळ स्वस्त असतात.

त्यानंतरची साक्ष तेलाची. निचरा बोल्ट काढण्याआधी भरणीचा बोल्ट सुटतो का, हे पाहणे शहाणपणाचे. नाहीतर तेल वाहून जाते आणि नवे भरायला वाट उरत नाही. निचरा बोल्टच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असणे हे जुन्या गाडीत स्वाभाविक असते, परंतु बोटाला टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा म्हणजे आतील झीज पुढे गेलेली असते. दुधाळ तेल पाणी शिरल्याचे सांगते. सील पुन्हापुन्हा गळत असेल, तर हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचे लहान छिद्र, चिखलाने बुजले आहे का ते तपासावे. तापलेल्या हवेला वाट न मिळाल्यास ती तेल सीलमधून बाहेर ढकलते, आणि एक्सलच्या टोकाचे सील गळले की ते तेल थेट ब्रेक लायनरवर जाते.

हाऊसिंग उघडावेच लागले, तर चाकांना ठोकळे लावून गाडी जॅकवर नव्हे, तर भक्कम घोड्यांवर उभी करणे अनिवार्य आहे. बेअरिंगच्या कॅप डाव्या-उजव्या अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांवर आधीच खुणा कराव्यात. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली जोडी असल्याने एकच बदलणे व्यर्थ ठरते. बसवताना बॅकलॅश, म्हणजे दोन दात्यांमधील मोकळीक, डायल गेजने मोजतात. अनेक पिकअपमध्ये ती साधारण 0.13 ते 0.20 मिलिमीटर असते, परंतु अंतिम शब्द त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेचा. दात्यांना रंग लावून फिरवल्यावर ठसा दात्याच्या मुळाशी पडला, तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे, आणि टोकाशी पडला, तर फार दूर आहे, असे समजून पिनियनमागची शिम, म्हणजे जाडी ठरवणारी चकती, बदलतात. काही रचनांत पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये दाबाने चेपणारी नळी असते. नट जास्त आवळला गेला, तर तो सैल करून भागत नाही, नवी नळीच घालावी लागते.

तेलाची निवडही किरकोळ बाब नाही. हायपॉइड रचनेत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या केंद्राखाली असल्याने दाते केवळ लोळत नाहीत, घसरतातही. म्हणून सामान्यतः जीएल-5 प्रतीचे तेल लागते. हेच तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र कंपनीने सांगितल्याशिवाय घालू नये, कारण त्यातील गंधकयुक्त घटक पितळी सिंक्रो रिंगना बाधक ठरू शकतात.

नवी जोडी परवडत नसेल, तर भंगार बाजारातून जुनी जुळणी आणण्याचा पर्याय असतो. त्यात दात्यांची संख्या मोजून घेणे सर्वांत महत्त्वाचे. प्रमाण वेगळे निघाले, तर चढावरची ओढ बदलते, गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, आणि चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलचे प्रमाण न जुळल्यास कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केसचे गिअर तुटण्यापर्यंत मजल जाते.