पाठीवरचे पाणी

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर निपाणीजवळच्या एका खेड्यातील एक माउली आपल्या मुलास घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. मुलाच्या हातात एक कागद होता. त्यावर पाठीवर घ्यावयाच्या एका पिशवीचे चित्र व खाली किंमत होती. दक्षिण कोरियात सेऊल येथे २०२७ सालच्या ऑगस्टमध्ये भरावयाच्या जागतिक युवा दिनाच्या मेळाव्यास जाण्याचा त्याचा मानस. दूरदेशी उन्हातून मैलोन्‌मैल चालावयाचे, तेव्हा ही पाण्याची पिशवी हवीच, असा त्याचा आग्रह.

“फादर, ह्यो म्हणतोय, तीन हजार दोनशे रुपयं! पाणी पाठीवर घिऊन जायला एवढं पैसं? किती हजार विड्या वळायच्या मी त्यापायी?”

“आई, त्यात नळी असते. चालता चालता पाणी पिता येतं, थांबायला नको,” मुलगा हळूच म्हणाला.

दोघांचेही म्हणणे आम्हांस रास्त वाटले. विड्या वळणाऱ्या हातांचा हिशेब खोटा नसतो, आणि उन्हाची भीतीही खोटी नव्हे. आम्ही त्यांस म्हटले, “घाई करू नका. आम्ही नीट विचार करून सांगू.” ते उत्तर आज येथे लिहीत आहो, कारण आमच्या धर्मग्रामातील कुणी यात्रेस, कुणी शिक्षणास, कुणी नोकरीनिमित्त उष्ण देशांत जात असतात, आणि हा प्रश्न त्या सर्वांचाच आहे.

प्रवासात पाणी कशातून न्यावे, हा प्रश्न फार जुना आहे. अब्राहामाने हागारेला घराबाहेर धाडले तेव्हा तिच्या खांद्यावर भाकरी व पाण्याची मसक दिली. बैरशेब्याच्या रानात मसकेतील पाणी सरले आणि मग त्या मातेवर काय प्रसंग ओढवला, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचले आहे. आपल्या सीमाभागातही वाटसरूच्या हाती तांब्या, शेतकऱ्याच्या खांद्यावर वाळलेला भोपळा, बैलाच्या पाठीवर पखाल, अशी साधने होती. मालमोटारीच्या पुढे जाड कापडाची पाण्याची पिशवी टांगलेली वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. त्या कापडातून पाणी किंचित पाझरे, वाऱ्याने ते उडून जाई, आणि उडताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाई. माठ थंड राहतो तो याच कारणाने. आपला घामही देहास याच रीतीने थंड करतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

परदेशातील उन्हाची गाठ आपल्या लोकांना आज प्रथमच पडते आहे, असेही नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आफ्रिकेतील एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर जी लढाई झाली, तीत या पलटणीचे जवान होते. तेथील उघड्या, खडकाळ कड्यांवर पाणी आणि दारूगोळा माणसांच्या पाठीवरूनच वर न्यावा लागे. पाणी वाहून नेणारा माणूस तेथे लढणाऱ्या माणसाइतकाच मोलाचा होता.

आता या नव्या पिशवीकडे वळू. तिच्या जन्माची कथा अशी. अमेरिकेत टेक्सास प्रांती ऑगस्टच्या कडक उन्हात शंभर मैलांची एक सायकल शर्यत होते. १९८९ च्या सुमारास मायकेल आयडसन नावाच्या, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या गृहस्थाने शिरेतून सलाइन देण्याची पिशवी पाण्याने भरली, ती लांब मोज्यात घालून पाठीस बांधली, नळी खांद्यावरून तोंडाशी आणली आणि शर्यत पुरी केली. पुढे त्यातूनच कॅमलबॅक हा कारखाना उभा राहिला. आज पुष्कळ कारखाने अशा पिशव्या करतात. रचना सर्वांची एकच: आत मऊ प्लास्टिकची पाणपिशवी, तिला लवचीक नळी, आणि नळीच्या टोकास दातांनी दाबताच उघडणारी तोटी.

निवड करताना पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. पहिली, माप. दीड, दोन व तीन लिटर ही मापे सर्वत्र मिळतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. तेव्हा तीन लिटरची पिशवी किरकोळ अंगाच्या मुलीस दिवसभर झेपेलच असे नाही. दुसरी, तोंड. पाणपिशवीचे तोंड हात आत जाईल इतके रुंद असावे, नाहीतर ती आतून घासता येत नाही व महिन्याभरात वास मारू लागते. तिसरी, पट्टे. खांद्याचे पट्टे रुंद असावेत, छातीवर एक आडवा पट्टा असावा, आणि पाठीशी जाळी असावी, म्हणजे पाठीवरचा घाम वाऱ्याने सुकेल. पिशवी दुकानात रिकामी अजमावू नये. पाणी भरून पाठीवर घ्यावी आणि चार जिने चढून पाहावे. चौथी, नळी. उन्हात नळीतील पाणी चहासारखे तापते. म्हणून नळीवर जाड कापडी खोळ असलेली बरी. ती नसेल तर प्यायल्यावर नळीत फुंकर घालून पाणी परत पिशवीत लोटावे.

सरबत, साखर, दूध हे पदार्थ या पिशवीत कधीही घालू नयेत. नळीत बुरशी धरते. परत आल्यावर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पिशवी व नळी धुवावी, आणि तोंड उघडे ठेवून उलटी टांगून वाळवावी. विमानतळावर तपासणीपूर्वी ती रिकामी करावी. आत गेल्यावर पुन्हा भरता येते.

इतके असले तरी या पिशवीत एक मोठा दोष आहे, आणि तो आम्हांस स्वतःच्या चुकीमुळे कळला. दोन वर्षांमागे एप्रिल महिन्यात आम्ही काही तरुणांना घेऊन संकेश्वरजवळच्या वल्लभगडावर गेलो. सकाळपासून आसपासच्या खेड्यांतून पायी हिंडून भर दुपारी गड चढलो. कुणीतरी भेट दिलेली अशी एक पिशवी आमच्या पाठीवर होती, दोन-तीन मुलांकडेही होत्या. बाकीच्यांकडे साध्या बाटल्या. चालता चालता नळी तोंडात धरावी, घोट घ्यावा, पुन्हा चालावे. मोठी सोय वाटली. पण पाठीवरचे पाणी डोळ्यांस दिसत नाही. किती प्यालो, किती उरले, काही कळले नाही. गडाच्या माथ्यावर नळीतून केवळ वारा आला, तेव्हा उमगले.

आमचे एक असो. त्याहून गंभीर गोष्ट अशी घडली की, उतरताना एक सोळा वर्षांचा मुलगा वाटेतच मटकन खाली बसला. डोके दुखत होते, पाय लटपटत होते, ओकारी येत होती. चौकशी करता कळले की, त्याची लहानशी बाटली सकाळीच संपली होती, आणि “कुणाजवळ मागायचं?” म्हणून तो गप्प राहिला होता. आम्ही त्यास सावलीत निजविले, पाय उंच केले, अंगावर ओला पंचा टाकला, दुसऱ्या एका मुलाजवळच्या बाटलीतून मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने तो सावरला. पण ती अर्धी घटका आम्ही विसरलेलो नाही.

पुढे विचार करताना ध्यानात आले की, पूर्वी एकच घागर आणि एकच तांब्या असताना हे घडले नसते. तांब्या हातोहात फिरे; कोण प्यायला आणि कोण राहिला, हे सर्वांस दिसे. आम्ही मात्र ज्याची त्याची नळी ज्याच्या त्याच्या तोंडात देऊन मोकळे झालो होतो. दर तासाला थांबून विचारपूस करणे हे वडीलकीच्या नात्याने आमचे काम होते. “थांबावे लागत नाही” या सोयीपायी ते आमच्याकडून राहून गेले.

मग किती प्यावे? उन्हात श्रम करणाऱ्यांसाठी अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने दिलेले प्रमाण असे: दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे पाव लिटर. म्हणजे तासास पाऊण ते एक लिटर. या हिशेबाने दोन लिटरची पिशवी दोन ते अडीच तास पुरते. पुढचे पाणी कोठे भरावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. परंतु अतिरेकही नको. तासास दीड लिटरहून अधिक पाणी कधीही पिऊ नये. रक्तातील मीठ पातळ होऊन जिवावर बेतते. २००२ साली बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरांत तेरा जणांचे मीठ नको इतके उतरलेले आढळले. नळी सतत तोंडाशी असणाऱ्याने हा धोका ओळखून असावे.

घामाबरोबर मीठही जाते, म्हणून सोबत काही खारे खावे, आणि क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला असता, बनगावच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. हे पाणी मात्र वेगळ्या बाटलीत असावे, नळीच्या पिशवीत नव्हे. घरून निघताना आपली नाचणीची आंबील किंवा मीठ घातलेले ताक पिऊन निघाल्यास उत्तमच.

आता ती घामाची गोष्ट. आपल्याकडे एप्रिलचे ऊन तीव्र असले तरी हवा बरीच कोरडी असते. घाम वाळतो व अंग निवते. सेऊलचा ऑगस्ट दमट असतो. घाम निथळतो, पण वाळत नाही, आणि म्हणून अंग थंड होत नाही. १ ऑगस्ट २०१८ रोजी त्या शहरात पारा ३९.६ अंशांवर गेला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच देशात सेमांगुम येथे बालवीरांचा जागतिक मेळावा भरला असता शेकडो मुले उष्म्याने आजारी पडली. २०२४ च्या जूनमध्ये हज यात्रेत १,३०१ यात्रेकरू मृत्यू पावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतील बहुतेक जण सावली व निवारा यांवाचून उन्हातून लांबवर चालत गेले होते. तीही कुणाची आईबापे होती. अशा ठिकाणी पाणी हा उपायाचा एक भाग झाला. दुपारी चालणे टाळणे, सैल सुती कपडे, टोपी, ओला रुमाल, सावलीत विसावा हे इतर भाग होत. जाण्यापूर्वी दहा-पंधरा दिवस रोज थोडे थोडे उन्हात चालून देहास सवय लावावी. आणि कुणी बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्यास पाणी पाजत बसू नये; प्रथम अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. कोरियात त्यासाठी ११९ हा क्रमांक आहे.

आता त्या माउलीस उत्तर. ज्यास डोंगर चढावयाचे आहेत, दोन्ही हात मोकळे हवे आहेत, आणि वाटेत तासन्‌तास पाणी मिळणार नाही, त्याने नळीची पिशवी अवश्य घ्यावी. ती चैन नव्हे. परंतु सेऊल हे मोठे शहर आहे, तेथील नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, आणि बाटली पुन्हा पुन्हा भरता येते. अशा ठिकाणी मुलाच्या शाळेच्या पिशवीचे पट्टे मजबूत असतील, तर दोन्ही बाजूंस एकेक लिटरची बाटली पुरे. किती प्यालो, हे बाटली सांगते. पिशवी सांगत नाही. नळीची हौसच असेल, तर नुसती आतली पाणपिशवी वेगळी विकत मिळते. ती त्याच शाळेच्या पिशवीत बसते, आणि खर्च बराच कमी येतो.

हे आम्ही मागल्या रविवारी त्या मायलेकांस सांगितले. मुलगा थोडा हिरमुसला, मग त्याने स्वतःच हिशेब केला आणि बाटल्या घ्यावयाचे ठरविले. माउली म्हणाली, “मग फादर, दोन कशाला, तीन घेऊ देत. एखाद्याची संपली तर मागायला लाजंल की ते पोरगं.”

वल्लभगडाची हकिकत आम्ही तिला सांगितली नव्हती.