पंक्चर सीलंट : घालावे की घालू नये?

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके भीमा नदीच्या दोन काठांना वसलेले आहेत. एका बाजूला पुणे-नगर रस्ता आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूर महामार्ग, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन. या दोन मोठ्या रस्त्यांना शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता जोडतो आणि त्याला दोन्ही अंगांनी गावोगावच्या आडवाटा फुटतात. या सर्व भागात छोट्या धंद्याचे खरे वाहन म्हणजे मोटारसायकल. गाद्या भरणारा पिंजारी, आठवडे बाजार करणारा बांगडीवाला, फळांच्या पाट्या नेणारा बागवान, भंगार गोळा करणारा फेरीवाला आणि कारखान्यात पाळीवर जाणारा फिटर या सगळ्यांचा दिवस दोन चाकांवर उभा असतो. चाक बसले की दिवस बसला.

म्हणूनच टायरमध्ये सीलंट घालावे की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तो रोजीचा प्रश्न आहे. शिवाय या पानाचे वाचक दोन्ही बाजूंना आहेत. काही जण गाडी चालवणारे आहेत, तर काही जण रस्त्याच्या कडेला पंक्चर काढून घर चालवणारे आहेत. पहिल्याला वाटते की सीलंटने कटकट मिटेल. दुसऱ्याला वाटते की सीलंट आपले गिऱ्हाईक पळवील. दोघांनीही वस्तू नीट समजून घेतली तर दोघांचाही फायदा आहे, असे आम्हाला वाटते.

सीलंट काम कसे करते?

सीलंट हा एक दाट द्रव असतो. बहुतेक प्रकारांत ग्लायकॉल, बारीक तंतू आणि रबराचे कण असतात, तर काहींत लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक असतो. व्हॉल्व्हची पिन काढून तो टायरमध्ये भरतात. चाक फिरू लागले की तो टायरच्या आतल्या बाजूला, जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथे, थरासारखा पसरतो. काटा किंवा खिळा घुसून भोक पडले की आतली हवा बाहेर धावते आणि जाताना हा द्रव भोकात ओढून नेते. तंतू आणि कण भोकात अडकतात, त्यांची गुठळी होते आणि हवा थांबते.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक, द्रव जिथे पसरतो तिथलेच भोक बंद होते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर चीर पडली तर सीलंटचा उपयोग नाही. दुसरी, भोक बारीक असले पाहिजे. सळईच्या तुकड्याने किंवा काचेने टायर फाटला तर बाटलीभर सीलंटही रस्त्यावर सांडून जाते.

ट्यूब आणि ट्यूबलेस यांतील फरक

सीलंट घ्यावे की नाही याचे निम्मे उत्तर आपल्या गाडीच्या टायरवरच लिहिलेले असते. टायरच्या भिंतीवर 'ट्यूबलेस' असे इंग्रजीत छापलेले असते. तथापि तेवढ्यावर विसंबू नये. रिम वाकल्यामुळे ट्यूबलेस टायरमध्येही ट्यूब घातल्याची उदाहरणे खेडोपाडी नेहमी दिसतात. तारांच्या, म्हणजे स्पोकच्या साध्या रिमला तर ट्यूब लागतेच, कारण स्पोकच्या भोकांतून हवा निघून जाते.

ट्यूबलेस टायर जाड असतो. खिळा घुसला तरी रबर त्याला घट्ट आवळून धरते आणि हवा हळूहळू जाते. अशा टायरमध्ये सीलंट मनापासून काम करते. ट्यूबची गोष्ट वेगळी आहे. ट्यूब फुग्यासारखी ताणलेली असते. टायरमध्ये रुतलेला खिळा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तिला ओरबाडत राहतो, भोकाची चीर होते आणि हवा स्पोकच्या व व्हॉल्व्हच्या भोकांतून क्षणात निघून जाते. एवढी चीर सीलंट भरून काढू शकत नाही. व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटली तर तिथेही ते निरुपयोगी ठरते. बाभळीच्या काट्याचे बारीक भोक मात्र ट्यूबमध्येही पुष्कळदा बंद होते.

ट्यूबमध्ये सीलंट ही कल्पना वाईट आहे असे नाही. होंडा कंपनीने आपल्या ॲक्टिव्हा स्कूटरच्या सुरुवातीच्या गाड्यांना 'टफ-अप' ट्यूब दिली होती, तिच्यातही द्रव असे. पण ती ट्यूब दुपदरी होती आणि द्रव त्या दोन पदरांमध्ये बंद ठेवलेला होता. साध्या ट्यूबमध्ये बाटली ओतणे आणि अशी खास ट्यूब बनवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्या भागातील काटे आणि खिळे

आपल्या भागात नदीकाठी व ओढ्याकाठी बाभूळ आहे, पडीक रानात वेडी बाभूळ माजलेली आहे आणि पायवाटांवर सराटे आहेत. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरून मोडतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत टोक राहते. पंक्चर काढले, ट्यूब बसवली आणि दोन दिवसांत पुन्हा हवा गेली की गिऱ्हाईक कारागिराला दोष देते. खरा दोष त्या टोकाचा असतो. म्हणून टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधल्याशिवाय ट्यूब बसवू नये.

ऊसतोडणीच्या हंगामात खिळ्यांची भर पडते. ऊस वाहणाऱ्या बैलांच्या पायांना मारलेल्या पत्र्यांचे खिळे डांबरी रस्त्यावर गळतात. हे काम जाणणारे नालबंद बांधव आपल्यातच आहेत. ते सांगू शकतील की हा खिळा लहान असला तरी टायरमध्ये सरळ शिरतो. औद्योगिक वसाहतींच्या रस्त्यांवर पत्र्याचे कातरण, स्क्रू आणि तारांचे तुकडे असतात. काटा आणि बारीक खिळा हे सीलंटच्या आवाक्यातले आहेत, पण कातरण आणि मोठा स्क्रू बहुधा आवाक्याबाहेरचे ठरतात. ज्याची गाडी रोज बांधावरून आणि आडवाटेने जाते, त्याला सीलंटचा लाभ जास्त आहे. जो महामार्गावरून वसाहतीत जातो आणि तिथून परत येतो, त्याला तुलनेने कमी.

हिशेब कसा करावा?

प्रत्येकाने आपला हिशेब आपल्याच आकड्यांनी करावा. नमुना म्हणून समजा, दोन्ही टायरच्या सीलंटला 600 रुपये लागले आणि एका पंक्चरला 100 रुपये पडतात. नुसते एवढेच पाहिले तर वर्षात सहा पंक्चर वाचली तरच पैसे वसूल होतात. पण फेरीवाल्याचे पंक्चर 100 रुपयांचे नसते. बाजाराच्या दिवशी गाव चार किलोमीटरवर असताना चाक बसले, माल लादलेली गाडी ढकलत नेली आणि बाजार उठल्यावर पोहोचलो, तर त्या दिवसाची सगळी कमाई गेली. अशा एका दिवसाचे जर 500 रुपये धरले, तर एका प्रसंगातच खर्चाचा मोठा भाग भरून निघतो.

याउलट ज्याच्या टायरची नक्षी झिजून गेली आहे, त्याने सीलंटवर एक पैसाही घालू नये. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणाऱ्या लहान उंचवट्या असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलण्याची वेळ झाली. झिजलेल्या टायरमध्ये सीलंट घालणे म्हणजे कुजलेल्या दोरावर गाठी मारणे होय. जुनी, ठिगळे लावलेली ट्यूब असेल तर तेच पैसे नव्या ट्यूबला लावावेत.

वापरताना घ्यायची काळजी

सीलंट बाटलीवर सांगितलेल्या मापानेच घालावे. मोटारसायकलच्या टायरला साधारणपणे 200 ते 350 मिलिलिटर लागते. जास्त घातल्याने जास्त संरक्षण मिळत नाही, उलट चाकाचा तोल बिघडून वेगात गाडी थरथरते. हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून तपासावी, म्हणजे द्रव नळीत येत नाही. सीलंट कायमचे नसते. ते कालांतराने सुकते किंवा निकामी होते, म्हणून बाटलीवरील तारीख आणि मुदत पाहावी. सुट्या कॅनमधून ओतून दिलेले, नावगाव नसलेले द्रव घेऊ नये. वस्तू पक्क्या बिलाने घ्यावी.

आणखी एक गोष्ट घरातील माणसांनी लक्षात ठेवावी. काही सीलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असते. ते विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे मुले, शेळ्या-मेंढ्या किंवा कुत्री ते चाटण्याचा धोका असतो. उरलेले सीलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि भरून ठेवू नये आणि उघड्या गटारात ओतू नये.

पंक्चर काढणाऱ्या बांधवांसाठी

'पंक्चरवाला' हा शब्द आपल्या समाजाला हिणवण्यासाठी वापरणारे लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. प्रामाणिक कष्टाची कमाई ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे, आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याला सीलंटची भीती बाळगण्याचेही कारण नाही. सीलंट घातलेल्या गाड्याही शेवटी पंक्चरच्या दुकानातच येतात. फक्त काम थोडे बदलते.

सीलंट लागलेल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही. ट्यूब पाण्याने धुऊन, पुसून आणि पूर्ण वाळवून मगच घासावी व पॅच लावावा. ट्यूबलेसमध्येही दोरी घालण्यापूर्वी भोक स्वच्छ करावे. व्हॉल्व्हची पिन गुठळीने तुंबली असेल तर बदलावी. गिऱ्हाइकाला आधी विचारावे, "टायरमध्ये काही घातले आहे का?" कारण फवाऱ्याच्या डब्यातून मारल्या जाणाऱ्या काही सीलंटमध्ये पेट घेणारा वायू असतो. अशा टायरची सगळी हवा मोकळ्या जागी सोडून द्यावी, आणि ती सुटेपर्यंत जवळ विडी, ठिणगी किंवा तापलेले यंत्र आणू नये. या जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे घेणे रास्त आहे, मात्र ते काम सुरू करण्यापूर्वी सांगावेत.

दुकानात सीलंट विकायलाही ठेवावे. कोणत्या टायरला ते चालेल आणि कोणत्या नाही, हे सांगणारा विक्रेता बाटलीवर छापलेल्या जाहिरातीपेक्षा गिऱ्हाइकाला अधिक मोलाचा वाटतो.

ऐब झाकू नये

सीलंटचा सर्वांत मोठा गुण हाच त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. ते भोक बंद करते आणि भोक पडल्याचे कळूही देत नाही. खिळा आतच राहतो, रबर कापत राहतो, ओल आत शिरते आणि मालक निर्धास्त असतो. मग एखाद्या दिवशी पाटस किंवा शिक्रापूरजवळ, भरधाव वाहतुकीत, पुढचे चाक दगा देते.

केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत केलेला एक बदल येथे लक्षात घेण्यासारखा आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून 3.5 टनांपर्यंतच्या ठरावीक प्रवासी मोटारींना जादा चाक न ठेवण्याची मुभा मिळाली. त्यासाठी टायर ट्यूबलेस असावेत आणि सीलंटचे दुरुस्ती साहित्य सोबत असावे, अशी अट आहे. पण त्याच्याच जोडीला टायरमधील हवेवर नजर ठेवणारी यंत्रणाही असली पाहिजे, असे नियम म्हणतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही नुसत्या सीलंटवर भरवसा ठेवलेला नाही. आपल्या मोटारसायकलींना सहसा अशी यंत्रणा नसते. तेव्हा ते काम मालकाच्या डोळ्यांनी आणि हवेच्या गेजनेच करावे लागते.

व्यापाराच्या बाबतीत इस्लामची शिकवण आपल्या वाचकांना परिचित आहे. हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. ही हदीस धान्यापुरती नाही. जुनी मोटारसायकल विकताना चाळणी झालेल्या टायरमध्ये सीलंट ओतून हवा टिकते असे दाखवणे हे ओले धान्य तळाशी ठेवण्यासारखेच आहे. गिऱ्हाइकाला न विचारता टायरमध्ये सीलंट घालून बिलात वाढवणे, किंवा टायर बदलण्याच्या लायकीचा झाला असताना बाटली विकून त्याला वाटेला लावणे, यातही बरकत नाही. धान्य ओले निघाले तर पैशांचे नुकसान होते. येथे माणसाचा जीव जाऊ शकतो.

सारांश

टायर ट्यूबलेस आहे, त्याची नक्षी शाबूत आहे आणि जाणे-येणे काट्याकुट्याच्या वाटेने आहे, अशा व्यावसायिकाने सीलंट अवश्य घालावे. साध्या ट्यूबच्या गाडीला ते केवळ बारीक काट्यापुरते कामाचे आहे, तेव्हा त्यावर विसंबून महामार्गावर जाऊ नये. झिजलेल्या टायरला ते घालूच नये. आणि ज्याने घातले असेल त्याने आठवड्यातून एकदा दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत, हवा मोजावी, आणि खिळा दिसला की तो लगेच जवळच्या कारागिराकडून काढून घ्यावा. सीलंट घरापर्यंत पोहोचवते. त्यापुढचे काम कारागिराचेच आहे.