तिजोरी आणि तिचं चिंचोळं दार

इराणचं आखात आकारानं महाराष्ट्राहूनही लहान आहे, सुमारे 2.5 लाख चौरस किलोमीटर. सरासरी खोली जेमतेम 35 मीटर. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा इथे समुद्रच नव्हता. तैग्रिस-युफ्रेटिस नद्यांचं पाणी या खोलगट मैदानातून थेट होर्मुझकडे वाहायचं!

आज या उथळ पाण्याभोवती आठ देश आहेत. उत्तरेचा लांबलचक किनारा इराणचा. वरच्या टोकाला इराकच्या वाट्याला साठेक किलोमीटरच आले. पुढे कुवेत, सौदी अरेबिया, बेटावरचा बहरीन, कतार, संयुक्त अरब अमिराती. आणि तोंडाशी मुसंदम, ओमानचा मुख्य भूमीपासून तुटलेला तुकडा.

एवढं तेल इथेच का? कोट्यवधी वर्षं इथे टेथिस या प्राचीन समुद्राचं उबदार, उथळ पाणी होतं. त्यातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष तळाशी गाडले गेले, उष्णतेनं आणि दाबानं त्यांचं तेल झालं. पाणी आटून साचलेल्या क्षारांच्या थरांनी ते वरून कोंडलं. मग सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी अरबी भूपट्ट युरेशियाला भिडला. इराणच्या बाजूचे खडक दुमडून झाग्रोस पर्वत उभा राहिला आणि त्याच्या घड्यांमध्ये तेल साठून राहिलं. तिथेच, मस्जिद-ए-सुलेमानला, 1908 मध्ये या भागातली पहिली मोठी तेलविहीर लागली. आखाताच्या पलीकडे, सौदीचं घवार तेलक्षेत्र तर सुमारे 280 किलोमीटर लांब आहे!

ती रेटारेटी अजून थांबलेली नाही. वर्षाला सुमारे 2 सेंटिमीटर चालूच आहे. मुसंदममध्ये ती डोळ्यांना दिसते. भूपट्टाची ही कड खाली कलते आहे, म्हणून डोंगरांमधल्या दऱ्यांत समुद्र शिरला आहे. उभ्या, उघड्याबोडक्या कड्यांमधून खाडी नागमोडी आत जाते आणि बुडालेल्या डोंगरांचे माथे बेटं होऊन वर राहतात.

याच मुसंदमसमोर होर्मुझची सामुद्रधुनी आहे, सर्वांत चिंचोळ्या जागी साधारण 40 किलोमीटर. मोठ्या जहाजांना जायला एक आणि यायला एक अशा दोनच वाटा, प्रत्येकी 2 सागरी मैल रुंद. 2024 मध्ये इथून दिवसाला सुमारे 2 कोटी पिंपं तेल गेलं, म्हणजे जगाच्या वापराचा जवळपास पाचवा हिस्सा. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला बराचसा गॅसही याच वाटेनं येतो.

होर्मुझ टाळायला सौदीनं तांबड्या समुद्रावरच्या यान्बूपर्यंत आणि अमिरातीनं फुजैरापर्यंत नळवाहिन्या टाकल्या. कुवेत, कतार, बहरीन यांच्या जहाजांना मात्र दुसरी वाट नाही. कतारचा अफाट वायुसाठा समुद्राखाली इराणच्या साठ्याला सलग जोडलेला आहे; वरची सीमारेषा खालच्या खडकाला ठाऊकच नाही.

या आठ देशांची श्रीमंती आणि त्यांची धास्ती, दोन्हींमागे इथल्या जमिनीचीच घडण आहे. म्हणून होर्मुझची बातमी आली की नकाशा उघडावा. राजकारण रोज बदलेल; पण हा भूगोल ध्यानात घेतल्याशिवाय त्यातलं काहीच नीट कळायचं नाही.