प्रकाशीय विलगन, घरगुती ध्वनिप्रवाहातील

घरातील संगणकीय जालातून ध्वनिवादक उपकरणाकडे जाणाऱ्या तांब्याच्या तारेचा काही भाग काढून त्या जागी काचेचा वा प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू बसविणे आणि अशा रीतीने दोन बाजूंच्या उपकरणांमधील विद्युत् संवाहक मार्ग खंडित करणे, यास प्रकाशीय विलगन म्हणतात. संकेत प्रकाशाच्या रूपाने पुढे जातो. विद्युत् प्रवाह मात्र जाऊ शकत नाही. आंतरजालावरून सलग येणारे ध्वनिमुद्रण (ध्वनिप्रवाह) ऐकताना होणारा गुणगुणाट व खरखर कमी करणे आणि विद्युत् दाबाच्या आकस्मिक लाटेपासून उपकरणांचे रक्षण करणे, हे या योजनेचे दोन प्रमुख उपयोग होत. चंद्रपूर व गडचिरोली यांसारख्या वनव्याप्त जिल्ह्यांत यांपैकी दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा ठरतो.

पूर्वेतिहास : चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये असे दाखवून दिले की, काचेतील अशुद्धी काढून टाकल्यास तंतूतील प्रकाशाचा ऱ्हास दर किमी.ला २० डेसिबेलपेक्षा कमी करता येईल. कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये ही मर्यादा गाठली. आजच्या तंतूंत १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा ऱ्हास दर किमी.ला सु. ०.२ डेसिबेल इतकाच असतो. भारतात दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी प्रकाशतंतूचा पहिला वापर पुणे येथे १९७९ मध्ये झाला. घरगुती ध्वनियंत्रांत तोशिबा या जपानी कंपनीने १९८३ मध्ये ‘टॉसलिंक’ ही जोडणी आणली. तीत सु. १ मिमी. व्यासाच्या प्लॅस्टिकच्या तंतूतून तांबड्या प्रकाशाने अंकीय ध्वनिसंकेत पाठविला जातो. जालातील विलगन हे याच तत्त्वाचे पुढचे रूप होय.

गोंगाटाचे मार्ग : ध्वनिवादक, विवर्धक व जालयंत्र यांचे भूयोजन (जमिनीशी केलेली विद्युत् जोडणी) वेगवेगळ्या ठिकाणी असेल, तर त्या ठिकाणांच्या विद्युत् वर्चसांत अल्पसा फरक पडतो. तारेच्या धातूच्या वेष्टनातून ही ठिकाणे जोडली गेली की, एक बंद मंडल तयार होऊन त्यातून ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा व तिच्या पटींचा प्रवाह वाहू लागतो. विवर्धकातून तो गुणगुणाटाच्या रूपाने ऐकू येतो. वेष्टनरहित, पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या वापरल्यास हा दोष बहुतेक टळतो. कारण प्रत्येक टोकाशी छोटे रोहित्र असते आणि ते प्रमाणित कसोटीनुसार १,५०० व्होल्ट दाब सहन करते. परंतु रोहित्राच्या वेटोळ्यांमधील धारकतेमुळे उच्च कंप्रतेचा गोंगाट थोड्या प्रमाणात पलीकडे जातो. विद्युत् पुरवठा करणाऱ्या स्वस्त उपकरणांतून असा गोंगाट बराच निर्माण होतो. प्रकाशतंतू हा विद्युत् निरोधक असल्याने त्यातून यांपैकी काहीही जात नाही.

अंकीय संकेतावरील परिणाम : प्रकाशतंतूमुळे ध्वनिमुद्रणातील अंक अधिक ‘शुद्ध’ होतात, ही समजूत बरोबर नाही. ध्वनितबकडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदास प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असून प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांनी दर्शविलेला असतो. म्हणजे दोन वाहिन्या मिळून सेकंदाला १४,११,२०० द्विमान अंक होतात. जालातून हे अंक गठ्ठ्यांच्या रूपाने येतात व प्रत्येक गठ्ठ्यासोबत ३२ द्विमान अंकांची पडताळणी असते. सदोष गठ्ठा टाकून दिला जातो व ध्वनिप्रवाहाच्या नेहमीच्या पद्धतींत तो पुन्हा मागविला जातो. आलेले अंक तात्पुरत्या साठ्यात राहतात आणि वादकातील स्फटिक-आंदोलकाच्या तालावर वाचले जातात. त्यामुळे तार तांब्याची असो वा काचेची, वादकाला मिळणारे अंक तेच असतात. फरक पडलाच तर तो अंकांचे ध्वनीत रूपांतर झाल्यानंतरच्या सदृश मंडलात शिरणाऱ्या गोंगाटाचा असतो. जेथे असा गोंगाट मुळात नाही, तेथे विलगनाने ऐकण्यात फरक पडण्याचे कारण राहत नाही. श्रोत्यास कोणती जोडणी चालू आहे हे न सांगता वारंवार घेतलेली चाचणीच याबाबत निर्णायक मानावी लागते.

रचना : दोन माध्यम-परिवर्तक आणि त्यांना जोडणारा तंतू एवढीच सामग्री लागते. पहिला परिवर्तक विद्युत् संकेताचे लेसर वा प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाच्या साहाय्याने प्रकाशात रूपांतर करतो. दुसरा प्रकाशसंवेदी द्विप्रस्थाने त्याचे पुन्हा विद्युत् संकेतात रूपांतर करतो. बहुधा ८५० किंवा १,३१० नॅनोमीटर तरंगलांबी वापरतात. हा प्रकाश अवरक्त असल्याने जवळजवळ दिसत नाही. म्हणून तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. टोकावर धूळ बसू देऊ नये व तंतूस तीव्र वाकण देऊ नये. वादकाकडील परिवर्तकाचा विद्युत् पुरवठा सदोष असेल, तर एक गोंगाट घालवून दुसरा घरात आणल्यासारखे होते.

वनप्रदेशातील उपयोग : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. तथापि दाट जंगल, विखुरलेल्या वस्त्या आणि पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांच्या पुराने भामरागडचा तुटणारा संपर्क यांमुळे अशा भागांत तंतूचे जाळे टाकणे व राखणे कठीण असते. जेथे तंतू घरापर्यंत येत नाही, तेथे छपरावर वा खांबावर बसविलेल्या आकाशकाने (अँटेनाने) जोडणी घेतात आणि तेथून धातूची तार घरात येते. झाडीपट्टीच्या नाटकांतील पदे असोत की गोंडी रेला गीते, ती ऐकवणारे यंत्र अशा वेळी थेट आकाशकाशी जोडलेले असते.

धोका येथेच उद्भवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाची वादळे येतात, तेव्हा जमीन कोरडी असते. कोरड्या व खडकाळ जमिनीचा विद्युत् रोध जास्त असल्याने भूयोजन दुर्बल ठरते. जवळपास वीज पडल्यास जमिनीच्या वर्चसात मोठा चढउतार होतो, तारांत दाबाची लाट प्रवर्तित होते आणि ती जालाच्या तारेवाटे एकामागून एक उपकरणे निकामी करू शकते. रोहित्राचा १,५०० व्होल्टांचा निरोध अशा लाटेपुढे अपुरा पडतो. मध्ये एखादा मीटर लांबीचा, धातूचे कवच वा आधारतार नसलेला तंतू घातल्यास लाटेचा हा मार्ग बंद होतो.

मर्यादा : आकाशकास लागणारी वीज सामान्यतः जालाच्याच तारेतून दिली जाते. प्रकाशतंतू वीज वाहून नेऊ शकत नसल्याने विलगन आकाशकाच्या वीजपुरवठा-पेटीनंतर, घराच्या आतील बाजूस करावे लागते. त्यामुळे आकाशक व पेटी यांचे रक्षण होत नाही. शिवाय लाट घरगुती वीजवाहिनीतूनही येऊ शकते. दोन्ही परिवर्तक एकाच वीजफळीवर असतील, तर तो मार्ग उघडाच राहतो. घरावर प्रत्यक्ष वीज कोसळल्यास केवळ विलगनाने बचाव होत नाही. म्हणून योग्य भूयोजन व वीजवाहिनीवरील लाटरोधक यांची व्यवस्था आधी करणे, विलगन त्यानंतर करणे आणि वादळाची चाहूल लागताच वीज व आकाशक या दोहोंच्या जोडण्या काढून ठेवणे हा क्रम श्रेयस्कर होय. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये.