चेहरा वाचणारे यंत्र आणि आपले दुकान

हाळी-हंडरगुळीचा किंवा माळेगावच्या यात्रेतला जनावरांचा बाजार पाहिलेल्या माणसाला रुमालाखालचा सौदा ठाऊक असतो. बोटे झाकलेली, भाव गुप्त. चेहरा मात्र उघडा असतो, आणि मुरलेला व्यापारी समोरच्याची भुवई पाहूनच पुढचे बोट दाबतो. आता हेच काम यंत्र करते असे सांगितले जाते. दुकानातल्या कॅमेऱ्याला जोडलेला संगणक म्हणे गिऱ्हाईक खूश की नाराज ते ओळखतो. लातूरच्या गंज गोलाईत काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, कॅमेरे बसवलेली दुकाने थोडी नाहीत. म्हणून यात खरे किती, हे आपल्या व्यापारी बांधवांपुढे मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

विद्या खरी आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीजन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत प्रसिद्ध केली. ओठांचे कोपरे वर गेले, क्रमांक १२. गाल उचलले गेले, क्रमांक ६. दोन्ही एकत्र आले तर हसू मनापासूनचे, असे मानले जाई. पुढे दिसून आले की पुष्कळांना ६ सुद्धा मुद्दाम आणता येतो.

नोंद करण्याची रीत सोपी आहे. एकेका हालचालीसाठी संगणकाची एकेक कळ ठरवायची, चित्रफीत सावकाश चालवायची आणि हालचाल दिसली की कळ दाबायची. किती वेळा, किती सेकंद, याचा हिशेब संगणक देतो. इटलीतील तुरीन विद्यापीठात तयार झालेली ‘बोरिस’ ही प्रणाली यासाठी फुकट मिळते. मात्र एकाच्या नोंदीवर भागत नाही. दुसऱ्यानेही तीच फीत स्वतंत्रपणे पाहायची आणि दोघांचा हिशेब जुळतो का ते तपासायचे.

गडबड होते ती पुढे. ओठ हलले ही नोंद झाली. गिऱ्हाईक खूश आहे हा अंदाज झाला. विकणारे अंदाजालाच नोंद म्हणून खपवतात. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली आधीचे संशोधन तपासून सांगितले की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने कळत नाही. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या चेहरा ओळखणाऱ्या सेवेतून भावना सांगण्याची सोय काढून घेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळांत अशा यंत्रांना मनाई आहे. अपवाद वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा.

आम्हाला काळजी वाटते ती दुकानातल्या नोकराची. रोजाच्या दुपारी त्याचा चेहरा उतरलेला असेल, घरी आई आजारी असेल. यंत्राने त्याला कामचुकार ठरवले आणि मालकाने पगार कापला, तर तो जुलूम मालकाच्याच खात्यावर पडेल. आणि नकाबातल्या गिऱ्हाइकाचा चेहरा तर दिसतच नाही. तरी आपला कापडवाला पिढ्यान्‌पिढ्या धंदा करतो आहेच.

तेव्हा या विद्येतून मोजण्याची शिस्त तेवढी घ्यावी. किती जणांनी थान उलगडायला लावले, किती जणांनी भाव ऐकून हात मागे घेतला, हे आठवडाभर वहीत मांडावे. मनातले जाणून घ्यायचे असेल, तर गिऱ्हाइकाला आणि नोकराला तोंडाने विचारावे. त्याला पैसे पडत नाहीत.