घरच्या संगणकावरील टपाल : जुळणी, दोष व उपाय

शेतकऱ्याच्या घरचे पुष्कळसे टपाल हल्ली ई-मेलने येऊ लागले आहे. माती-परीक्षणाचा अहवाल, पंपाच्या सुट्या भागांचे बिल, बँकेचे पत्र, व्यापाऱ्याची मागणी ही कागदपत्रे वेळेवर हाती पडली नाहीत तर नुकसान सोसावे लागते. तथापि पत्र अडले की पुष्कळ जण सर्व मांडणी पुसून टाकतात व दोष वाढवून ठेवतात. शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही म्हणून कोणी पाट मोडीत नाही. तो कोठे फुटला आहे हे आधी पाहतो. ई-मेलच्या बाबतीतही हीच रीत हितावह होय.

दोन वाटा

कचेरीत आवक व जावक अशा दोन नोंदवह्या असतात. ई-मेलचेही तसेच आहे. आवक टपाल आयमॅप किंवा पॉप या पद्धतीने येते, तर जावक टपाल एसएमटीपी या पद्धतीने जाते. आयमॅपमध्ये पत्रे सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे ती संगणक व मोबाइल या दोहोंवर दिसतात. पॉपमध्ये पत्रे संगणकावर उतरतात. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सूचना दिलेली नसेल तर तेथून ती काढून टाकली जातात. यास्तव घरगुती वापरास आयमॅप अधिक सोयीचे आहे.

जुळणी

थंडरबर्ड हा विनामूल्य मिळणारा प्रोग्रॅम या कामी उपयोगी पडतो. त्यात आपले नाव व ई-मेलचा पत्ता लिहावा. जीमेलसारख्या परिचित सेवांची माहिती तो स्वतःच शोधून काढतो व गूगलची खिडकी उघडतो. तेथे पासवर्ड देऊन संमती द्यावी. अन्य सेवांसाठी माहिती हाताने भरावी लागल्यास बहुधा पुढील पोर्ट-क्रमांक चालतात : आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५ व जावक टपालासाठी ५८७ किंवा ४६५. जुळणी होताच स्वतःच्याच पत्त्यावर एक पत्र धाडावे. ते परत आले म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत असे समजावे.

दोष व उपाय

१. काहीच येत-जात नसल्यास प्रथम ब्राउझरमध्ये आपले खाते उघडून पाहावे. तेथे ते उघडले तर दोष प्रोग्रॅमच्या जुळणीत आहे. न उघडल्यास तो इंटरनेट-जोडणीत किंवा खात्यात आहे.

२. पत्रे येतात परंतु जात नाहीत, अशा वेळी जावक बाजूचा पोर्ट-क्रमांक तपासावा. जोडपत्राचा आकारही पाहावा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. रोगट पिकाची अनेक छायाचित्रे एकदम जोडल्यास ती सहज ओलांडली जाते.

३. पासवर्ड अचूक असूनही नाकारला जातो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या प्रोग्रॅमांना केवळ पासवर्डावर प्रवेश देणे बंद केले. अशा प्रोग्रॅमसाठी खात्यात द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप-पासवर्ड घ्यावा.

४. प्रमाणपत्र अवैध असल्याची सूचना आल्यास संगणकाची तारीख पाहावी. जुन्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाताच तारीख काही वर्षे मागे जाते. बॅटरी बदलून तारीख दुरुस्त करावी.

५. अपेक्षित पत्र न आल्यास स्पॅमचा कप्पा पाहावा. गूगलची १५ जीबी विनामूल्य जागा जीमेल, ड्राइव्ह व फोटोज यांत सामाईक असते. ती भरली की नवी पत्रे येईनाशी होतात.

सावधगिरी

खाते बंद होणार आहे किंवा अनुदान मंजूर झाले आहे, असे सांगून पासवर्ड मागणाऱ्या पत्रास उत्तर देऊ नये. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

हंगामापूर्वी पंप चालवून पाहतात, त्याप्रमाणे महत्त्वाचा पत्रव्यवहार सुरू होण्यापूर्वी स्वतःस एक पत्र धाडून पाहण्याची सवय शेतकरी बांधवांनी लावून घ्यावी.