सहयोगी ज्ञानकोशांतील होलोकॉस्टविषयक वाद

कोणासही संपादन करता येणाऱ्या ज्ञानकोशांत दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंचा वंशसंहार (होलोकॉस्ट), ज्यूद्वेष आणि त्यांच्या स्मृती यांविषयी काय लिहावे, कोणत्या स्रोतांच्या आधारे लिहावे आणि कोणत्या बाबीस किती जागा द्यावी, यांवरून स्वयंसेवी संपादक, इतिहासकार व संस्था यांच्यात झालेल्या मतभेदांना सहयोगी ज्ञानकोशांतील होलोकॉस्टविषयक वाद असे म्हणता येईल. इंग्रजी विकिपीडियावरील पोलंडविषयक लेख आणि क्रोएशियन विकिपीडिया ही त्यांची सर्वाधिक अभ्यासली गेलेली उदाहरणे होत.

होलोकॉस्ट घडला की नाही, हा या वादांचा मुख्य विषय नसतो. उघड नकार ओळखणे सोपे असते व तो लवकर काढून टाकला जातो. बळींची संख्या, स्थानिक समाजाची जबाबदारी, ज्यूंना वाचविणाऱ्यांचे प्रमाण आणि छावणीला दिलेले नाव यांविषयीचे वाद मात्र वर्षानुवर्षे चालतात. त्यांत प्रत्येक वाक्याला संदर्भ असूनही संपूर्ण लेखाचे चित्र चुकीचे असू शकते.

स्वरूप

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश यांसारख्या ग्रंथांत मजकुराची अंतिम जबाबदारी संपादकाकडे असते. विकिपीडियात असा प्रमुख संपादक नाही. तेथील मजकूर तीन मूलभूत धोरणांवर उभा असतो : निष्पक्ष दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता आणि मूळ संशोधनास मनाई. मतभेद झाल्यास लेखाच्या चर्चा पानावर सहमती शोधली जाते. सहमती न झाल्यास आणि वर्तनाचे नियम मोडले गेल्यास इंग्रजी विकिपीडियावर प्रकरण लवाद समितीपुढे जाते. ही समिती संपादकांच्या वर्तनाचा निवाडा करते. लेखातील इतिहास खरा की खोटा, हे ठरविणे तिच्या कार्यकक्षेत येत नाही. पुढील अनेक वादांचे मूळ या मर्यादेत आहे.

पोलंडची पार्श्वभूमी

युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. त्यांपैकी सुमारे ३० लाख ज्यू नाझी राजवटीत मारले गेले. बिगरज्यू पोलिश नागरिकही मोठ्या संख्येने बळी पडले. ज्यूंना वाचविणाऱ्या बिगरज्यू व्यक्तींना इस्रायलची याद वाशेम ही संस्था जो सन्मान देते, तो मिळालेल्यांत पोलिश नागरिकांची संख्या सर्वाधिक, म्हणजे सात हजारांहून अधिक आहे. दुसरीकडे १० जुलै १९४१ रोजी येडवाब्ने येथे ज्यूंना त्यांच्याच पोलिश शेजाऱ्यांनी ठार केले. यान ग्रॉस यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ही घटना पोलंडमध्ये सार्वजनिक चर्चेचा विषय झाली. पुढे पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेच्या तपासात किमान ३४० बळी पडल्याचे नमूद झाले.

एकाच समाजात बळी, तारणहार आणि अपराधी असे तिन्ही आढळत असल्यामुळे कोणावर किती भर द्यावा हा प्रश्न तेथे राजकीय झाला. नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणे हा २०१८ च्या कायदादुरुस्तीने गुन्हा ठरविण्यात आला; आंतरराष्ट्रीय टीकेनंतर त्याच वर्षी त्यातील शिक्षेची तरतूद वगळण्यात आली. २०२१ मध्ये यान ग्राबोव्स्की व बार्बारा एंगेलकिंग या इतिहासकारांना त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथातील एका उल्लेखाबद्दल माफी मागण्याचा आदेश वॉर्सातील न्यायालयाने दिला होता. अपील न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला.

वॉर्सातील कथित संहार छावणी

इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून असलेल्या एका लेखात वॉर्सा शहरात विषारी वायूच्या कोठड्या असलेली संहार छावणी होती आणि तेथे सुमारे दोन लाख लोक, प्रामुख्याने बिगरज्यू पोलिश, मारले गेले, असा दावा करण्यात आला होता. मारिया त्शचिन्स्का या पोलिश न्यायाधीशांनी मांडलेल्या सिद्धान्तावर हा दावा आधारलेला होता. इतिहासकारांनी तो स्वीकारलेला नव्हता.

वॉर्सात नाझी छावणी होती, हे खरे आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात उद्ध्वस्त ज्यू वस्तीच्या जागी ती उभारण्यात आली. आउश्वित्झहून आणलेल्या ज्यू कैद्यांकडून तेथे ढिगारे उपसून घेतले जात. उपासमार, रोगराई व गोळीबार यांमुळे तेथे हजारोंचा मृत्यू झाला. ऑगस्ट १९४४ मधील वॉर्सा उठावात पोलिश होम आर्मीच्या एका तुकडीने तेथील ३४८ ज्यू कैद्यांची सुटका केली. विकिपीडियावरील दाव्यामुळे ज्यू कैद्यांचा हा खरा इतिहास झाकला गेला.

हा मजकूर सुमारे १५ वर्षे टिकला आणि इतर भाषांतील लेखांतही पसरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हारेत्झ या इस्रायली दैनिकाने हे प्रकरण प्रसिद्ध केले. ज्या संपादकाने ही चूक समोर आणली, त्याच्यावर पुढे इतर संपादकांशी केलेल्या वर्तनाच्या कारणावरून बंदी घालण्यात आली. मजकुराबाबत बरोबर असणे आणि नियमांनुसार वागणे या दोन स्वतंत्र कसोट्या असल्याचे या घटनेतून दिसून येते.

२०१९ मध्येच लवाद समितीने पोलंडच्या युद्धकालीन इतिहासावरील लेखांसाठी विशेष बंधन घातले. त्यानुसार तज्ज्ञपरीक्षित नियतकालिके, मान्यवर प्रकाशकांचे अभ्यासग्रंथ व प्रतिष्ठित संस्थांचे लेखन असे उच्च दर्जाचे स्रोतच वापरणे आवश्यक ठरले.

ग्राबोव्स्की–क्लाइन निबंध

फेब्रुवारी २०२३ मध्ये ओटावा विद्यापीठाचे यान ग्राबोव्स्की आणि कॅलिफोर्नियातील चॅपमन विद्यापीठाच्या शिरा क्लाइन यांनी एका संशोधन नियतकालिकात इंग्रजी विकिपीडियावरील होलोकॉस्टच्या इतिहासाच्या हेतुपुरस्सर विपर्यासाविषयी निबंध प्रसिद्ध केला. २५ लेख आणि चर्चा पाने, तक्रार फलक इत्यादी सुमारे ३०० पाने त्यांनी तपासली होती. काही मोजक्या चिकाटीच्या संपादकांनी पोलिश समाजातील ज्यूद्वेष सौम्य करून दाखविला, ज्यूंना वाचविणाऱ्यांची संख्या फुगविली, ज्यूंनी सोव्हिएत सत्तेशी केलेल्या सहकार्यावर अवाजवी भर दिला आणि दुय्यम दर्जाचे स्रोत वापरले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

निबंधात उल्लेखिलेल्या संपादकांनी हे आरोप नाकारले. निबंधात चुका आहेत आणि निवडक उदाहरणांवरून सरसकट निष्कर्ष काढले आहेत, असा त्यांचा प्रतिवाद होता. टोपणनावाने लिहिणाऱ्या स्वयंसेवकांची ओळख संशोधनात कितपत उघड करावी, हा प्रश्नही यानिमित्ताने उपस्थित झाला.

मार्च २०२३ मध्ये लवाद समितीने स्वतःहून सुनावणी सुरू केली व मे महिन्यात निर्णय दिला. काही संपादकांना या विषयावर लिहिण्यास बंदी करण्यात आली आणि स्रोतांविषयीचे बंधन अधिक कडक करण्यात आले. निर्णयात संपादकांच्या वर्तनाचाच विचार झाला, लेखांतील चुका दुरुस्त करण्याचे काम तसेच राहिले, अशी टीका त्यावर झाली. समितीला इतिहासाचा निवाडा करण्याचा अधिकार दिल्यास एका लहान गटाचे मत अधिकृत ठरेल, असा युक्तिवाद त्याविरुद्ध केला जातो.

क्रोएशियन विकिपीडिया

येथील प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा होता. उस्ताशे राजवटीच्या (१९४१–४५) काळात यासेनोव्हाच छावणीत सर्ब, ज्यू व रोमा लोकांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. तेथील स्मारक संस्थेच्या नामसूचीत ८३ हजारांहून अधिक बळींची नावे आहेत. क्रोएशियन विकिपीडियावर मात्र तिचे वर्णन एकत्रीकरणाची व श्रमाची छावणी असे सौम्य शब्दांत केलेले होते. २०१३ मध्ये क्रोएशियाचे तत्कालीन शिक्षणमंत्री झेल्यको योव्हानोविच यांनी विद्यार्थ्यांना हा ज्ञानकोश न वापरण्याचा सल्ला दिला.

विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार समविचारी प्रचालकांच्या एका गटाने सुमारे दशकभर या प्रकल्पावर ताबा ठेवला आणि विरोधी मताच्या सदस्यांना रोखले. २०२० मध्ये त्यांपैकी एका प्रमुख प्रचालकावर सर्व प्रकल्पांत बंदी घालण्यात आली. सहमतीचे धोरण येथेही होते. मात्र असहमत लोकांना बाहेर काढल्यावर उरलेल्यांची सहमती आपोआपच होत गेली.

ज्यूद्वेषाविषयीच्या स्रोतांचा वाद

२०२४ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी अँटी-डेफमेशन लीग या अमेरिकी संस्थेस इस्रायल–पॅलेस्टाइन संघर्षाबाबत सर्वसाधारणपणे अविश्वसनीय स्रोत ठरविले. इस्रायल व झायोनवाद यांचा संबंध नसलेल्या ज्यूद्वेषविषयक माहितीसाठी ती वापरता येईल, असे मानण्यात आले. ही संस्था इस्रायलवरील टीकेची गणना ज्यूद्वेषात करते, असा निर्णयाच्या समर्थकांचा आक्षेप होता. ज्यूद्वेषाची नोंद ठेवणाऱ्या जुन्या संस्थेलाच यामुळे बाजूस सारले जाते, असे अनेक ज्यू संघटनांनी म्हटले. ज्यूद्वेषाची व्याख्याच वादग्रस्त असल्यामुळे स्रोतांविषयीचा निर्णय येथे व्याख्येविषयीचाही निर्णय ठरतो.

लहान भाषांतील प्रकल्प

मराठी विकिपीडियासह (स्थापना १ मे २००३) अनेक लहान प्रकल्पांत इतर देशांच्या इतिहासावरील लेख बहुधा इंग्रजीवरून भाषांतरित होतात. भाषांतरित लेख मूळ लेखाशी जोडलेला राहत नाही. त्यामुळे मूळ लेखातील चूक दुरुस्त झाली तरी भाषांतरात ती तशीच राहू शकते. संपादकांची संख्या कमी असल्यास तिच्याकडे लक्ष जाण्यासही विलंब लागतो.

लेखाचे चर्चा पान व संपादनांचा इतिहास वाचकांसाठी खुला असतो. कोणता आकडा केव्हा आला, कोणत्या संदर्भाने आला आणि त्यावर कोणी हरकत घेतली, हे तेथे पाहता येते. वॉर्सातील छावणीच्या लेखाचा १५ वर्षांचा प्रवासही अशाच नोंदींतून शोधता आला.